मधल्या मजल्यावरची खोली

“खिडकी नको. आवाज नको. बास!” धोंडुबाई म्हणाली, तेही अशा आवाजात की पेणच्या बाजारातल्या पहिल्या मजल्यावरच्या बुकिंग ऑफिसात बसलेल्या सगळ्यांनी माना वळवल्या.

प्रणितने कपाळाला हात लावला. आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून तो त्यांना मुंबई-गोवा क्रूझवर पाठवत होता. रोह्याच्या कंपनीत डबल शिफ्ट करून त्याने त्यासाठी पैसे साठवले होते. पलंगावर पडल्या पडल्या समोर समुद्र दिसतोय आणि बाबा काहीतरी बोलताहेत, एवढंच चित्र त्याच्या डोळ्यांसमोर होतं. अलीकडे बाबा बोलतच नसत. प्रणितला त्याची फार काळजी वाटायची.

तीस वर्षं खडीच्या क्रशरवर काढून बाबांचे, काळुरामचे, कान कामातून गेले होते. त्यात घर रामवाडीला, हायवेच्या कडेला. कानाचं मशीन आणलं, तर त्यात बायकोपेक्षा ट्रकच जास्त ऐकू यायचे. ते कपाटात जाऊन पडलं. मग धोंडुबाईच ओरडून बोलू लागली. जेवायला चला, गोळी घेतली का, पंखा बंद करा, सगळं ओरडून. शेजारच्या नव्या भाडेकरूला महिनाभर वाटत होतं की या घरात रोजच जुंपलेली असते.

“काका, तुम्हाला खिडकी हवी का?” बुकिंग करणाऱ्या मृणालीने विचारलं.

“बिडी? ती कवाच सोडली,” काळुराम म्हणाला आणि पुन्हा हातातलं जहाजाचं चित्र बघू लागला.

मृणालीने हसू दाबलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. प्रणितच्या पैशात दोनच खोल्या बसत होत्या. एक वरची, खिडकीची, पण डोक्यावर गाण्याबजावण्याचा डेक. दुसरी मधल्या मजल्यावरची, आतली. वर खोल्या, खाली खोल्या, लिफ्ट लांब, इंजिन त्याहून लांब. खिडकी नाही, पण टाचणी पडली तरी ऐकू येईल, असं ती म्हणाली.

“तीच!” धोंडुबाई ओरडली.

“अगो आये, समुद्र बघायला जाताय ना?”

“समिंदर वर जाऊन बघू. खोलीत कशाला तो?”

प्रणितचा पारा चढला. “वरच्या गाण्यांचा बाबांना काय त्रास? त्यांना ऐकू येतंय कुठं? बहिऱ्या माणसाला शांत खोली कशाला?” बोलून गेला आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

तेवढ्यात लाईट गेली. एसी थांबला, पंखा थांबला, कोपऱ्यातला प्रिंटर घरघरून गप्प झाला. काचेचं दार बंद होतं आणि खाली दुपारचा बाजार पेंगत होता.

नवऱ्याशेजारच्या खुर्चीत धोंडुबाईने मान खाली घातली. कितीतरी वर्षांनी प्रणितला आईचा खरा आवाज ऐकू आला. मऊ, जरासा घोगरा.

“धा वर्सं त्यांच्याशी बोलतेय ते सगळ्या आळीला ऐकू जातंय. आळीला सांगायचं नाय, असं पण कायतरी असतंय ना माज्याकडं? शांत खोलीत एकदा तरी हळू बोलायचं हाय.”

मृणालीचा हात माऊसवर तसाच राहिला.

काळुरामने हातातलं चित्र टेबलावर ठेवलं आणि बायकोकडे वळून हळूच विचारलं, “काय बोलायचं हाय गो?”