तेलाची झारी

"वितळवा," सुषमा म्हणाली आणि पिशवीतली काळी पडलेली चांदीची झारी तिने काउंटरवर ठेवली. "हिच्या बदल्यात मला गुलाबदाणी पाहिजे. उंच, नक्षीची. रविवारच्या आत."

उल्हासनगरच्या त्या दुकानात चांदीबरोबर जुनी भांडीकुंडीही मांडलेली होती. शेठ झारी पुसायला लागले तोवर सुषमाने फळीवरचा निळ्या काचेचा छोटासा पेला उचलला. "दारूचा ना?" तिने विचारलं.

शेठ हसले. "सब लोग यही बोलते हैं. डोळे धुवायचा आहे तो. दवाई का पानी भरायचं, डोळ्याला लावायचं."

सुषमाने तो घाईघाईने खाली ठेवला. तिला पेल्याशी काय करायचं होतं? तिचं सगळं लक्ष रविवारवर होतं. रविवारी तिच्या सोनियाची हळद. बदलापूर गावात मांडव पडला होता आणि त्या मांडवाच्या तोंडाशी धाकटी जाऊ जिज्ञासा चांदीची गुलाबदाणी घेऊन उभी राहणार होती. येणाऱ्या प्रत्येक बाईवर गुलाबपाणी शिंपडणार आणि कुणी विचारो न विचारो, "आमच्या आईंनी दिली," असं सांगणार. हळद सुषमाच्या पोरीची आणि मिरवणार जिज्ञासा! नुसत्या विचारानेच सुषमाच्या जिवाची लाही होत होती.

तीन वर्षांपूर्वी सासूने, तुळशीबाईने, आपली पेटी उघडली आणि दोन सुनांना एकेक वस्तू दिली. जिज्ञासाला गुलाबदाणी. सुषमाला ही मूठभर झारी. पोचे आलेली, नळी लांब, नळीचं तोंड चेपलेलं. वर म्हातारी म्हणाली काय, तर "जपून ठेव गो." सुषमाने जपून ठेवली नाही. देवाच्या समईत तेल घालायला काढली. तशी ती दुसऱ्या कशाच्या कामाची वाटतही नव्हती.

असं का, ते सुषमाला पक्कं ठाऊक होतं. जिज्ञासाचा नवरा विकास तुळशीबाईच्या पोटचा. सुषमाचा नवरा अनंता सवतीचा. अनंता पंधरा दिवसांचा असताना त्याची आई गेली आणि महिन्याभरात तुळशीला या घरात लग्न करून आणलं. सावत्र ते सावत्रच, असं सुषमा मनाशी म्हणायची.

आणि तोड्यांचं काय? शेजारची गयाबाई अजून सांगते, तुळशी लग्न होऊन आली तेव्हा तिच्या पायातल्या तोड्यांएवढे जाड तोडे गावात कुणाकडे नव्हते. ते तोडे सुषमाने कधी पाहिले नाहीत. दोनदा विचारलं, तर म्हातारी म्हणाली, "लागले कामाला." कसल्या कामाला? धाकटीला गुपचूप दिले असणार, दुसरं काय. तेव्हापासून कुठलंही कार्य असो, सुषमाची नजर आधी जिज्ञासाच्या पायांकडे जायची. तिथे नुसत्या साखळ्या दिसायच्या. लपवते मेली, असं सुषमाला वाटायचं.

शेठनी डोळ्याला भिंग लावलं होतं. झारी त्यांनी दोनदा फिरवून पाहिली. मग तिची नळी सुषमाकडे केली.

"बाई, हे तेलाचं नाही. बोंडलं आहे. बच्चे को दूध पिलाने का. इधर देखो, दाताचे निशान. नवे नवे दात."

सुषमाने वाकून पाहिलं. चेपलेल्या तोंडावर बारीक बारीक खड्डे होते. ती रोज त्या नळीतून तेल ओतायची आणि तिला ते कधी दिसले नव्हते.

"इतना चबाया, मतलब बहुत महिने इसी से पिया," शेठ म्हणाले. "घर में किसी बच्चे की माँ मर गई थी क्या?"

शेठ बोंडलं उचलून भट्टीकडे निघाले, तसं सुषमाने झटक्यात हात पुढे करून ते काढून घेतलं. मग तिने घरी फोन लावला. मागे मांडववाल्यांची ठोकाठोक ऐकू येत होती.

"आई, तुम्ही मला दिलेलं ते बोंडलं आहे? कुणाचं?"

"अनंताचा. दुसऱ्या कोनाचा?" तुळशीबाई म्हणाली. "विकासला मी अंगावर पाजला. अनंताच्या वेळी माज्या अंगावर दूध कुठला? मी सोला वर्साची पोरगी. रात-रात मांडीवर घेऊन त्याला त्या बोंडल्यानूनच पाजायची. लय चावरा होता."

"कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचा? मोठा झाला ना तो."

सुषमाचे डोळे भरून आले. तिला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. पण इतक्या दिवसांची जळजळ अशी एका फोनवर थोडीच विझते? निळ्या पेल्याकडे बघत तिने विचारलंच.

"आणि तुमचे तोडे? ते कुणाला दिलेत?"

पलीकडे तुळशीबाई हसली.

"अगो, ते मोडूनच त बोंडला केला. तुलाच नाय का दिले?"