चावडीवरची झील

"गाऊन दाखवा," फौजदार म्हणाला. "परवा बाजारात गायलात तसंच. अगदी तसंच."

कामरगावच्या चावडीत खडी गमतीची, म्हणजे गावोगाव गाण्या-सोंगांचा खेळ करणारी, पार्टी उभी होती. पुढे शाहीर पुंजाजी, त्याच्या मागे दोन झीलकरी, तय्यब आणि जगदेव. जर्मनाशी लढाई चालू होती. बाजारात कापड मिळेनासं झालं होतं आणि बायाबापड्या एकच लुगडं धुऊन तेच नेसत होत्या. अशात पुंजाजीने भर गमतीत एक ओळ टाकली होती:

"कापूस पिकला आमच्या वावरी, राजा, आमीच काहून उगडे?"

लोक हसले, टोप्या उडाल्या. ज्यांनी टोप्या उडवल्या त्यांतल्याच कुणीतरी कळ लावली असणार, दुसरं कोण लावणार?

"राजा म्हणजे कोण रे?" फौजदाराने विचारलं.

"कोनीबी, सायेब. आमी बैलालेबी राजा म्हनतो."

दारातल्या शिपायाला हसू फुटलं. फौजदाराने बघितलं तसा तो खोकला.

"ओळ रचली कोणी?"

"मीनं," पुंजाजी म्हणाला.

तय्यबने मान खाली घातली. ओळ त्याची होती. तो जातीचा पिंजारी. कुणाची तरी फाटकी गादी पिंजता पिंजता त्याला ती सुचली होती आणि त्याने उड्या मारत जाऊन पुंजाजीला ऐकवली होती. हे पार्टीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"पाटील म्हणतात, सगळी पार्टी गात होती," फौजदार म्हणाला. "तसं असेल तर सगळ्यांचाच परवाना गेला. एकटाच गायला असेल तर एकट्याचा जाईल. मग त्याने जन्मात डफ हातात धरायचा नाही. चला, म्हणा."

फौजदार काही दूधखुळा नव्हता. शाहिराने ओळ टाकली की शेवटचा शब्द झीलकऱ्याने उचलायचा आणि त्याला 'जी जी' जोडून लांबवायचा, शाहीर हात वर करून थांबवीपर्यंत. वर्षानुवर्षं हेच केलेल्या माणसाला ते ठरवून करावं लागत नाही. शिंक आवरता येत नाही, तशी झीलही आवरता येत नाही. फौजदाराला साक्ष नकोच होती, त्याला सवय ऐकायची होती.

सकाळी निघताना तय्यबच्या बायकोने, हुस्नाबानोने, अंगावरचं पोर पदराखाली घेत एवढंच सांगितलं होतं, "तुम चुप रहना, बस." जत्रा आताच सुरू झाल्या होत्या. परवाना गेला तर घरात चूल कशाने पेटायची, हे तिने विचारलं नव्हतं. विचारायची गरज नव्हती.

पुंजाजीने एकदा मागे बघितलं. मग डफावर थाप टाकली आणि ओळ उचलली.

जगदेव दचकला. सूर भलताच वर होता. पुंजाजी त्या सुरात कधीच गात नसे. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, 'उगडे'वर आवाज चिरकला आणि तिथेच त्याने ओळ सोडून दिली.

चावडीत आता झिलेची जागा आली. जगदेवने तोंड उघडलं, पण तिथवर त्याचा गळा जाण्यातला नव्हता. त्याने ते मिटलं.

तय्यबचा गळा जात होता. पार्टीत एकट्या त्याचाच जात होता. 'जी' त्याच्या टाळूपर्यंत येऊन बसला. त्याने दातांखाली जीभ धरली, इतकी की तोंडात रक्त उतरलं.

कुणी झील धरली नाही.

"एकटाच होता तर," फौजदार म्हणाला. त्याचा थोडा हिरमोड झालेला दिसला. त्याने परवाना पुढे ओढला आणि पुंजाजीचं नाव खोडलं.

तय्यबला हायसं वाटलं. मग हायसं वाटल्याची इतकी लाज वाटली की त्याला कुणाकडे बघवेना.

बाहेर पिंपळाखाली पुंजाजीने डफ तय्यबच्या हातात दिला. "मानोऱ्याच्या जत्रेत तू पुढं उभा राह्य."

"भाऊ, ते ओळ..."

"सूर लय वर गेला माहा," पुंजाजी मध्येच म्हणाला. "तुमच्यातल्या कोनालेच गाठता आला नसता."

"कुठून गाठता, भाऊ!" जगदेव घाईघाईने म्हणाला. तो खरंच बोलत होता, म्हणून त्याला बोलता आलं.

तय्यबने डफ छातीशी धरला. पुंजाजीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, काढला आणि धनज गावच्या वाटेला लागला. उपरणं नुसतंच खांद्यावर टाकून, रिकाम्या हातांनी. त्याला डफाशिवाय चालताना तय्यबने कधी बघितलं नव्हतं.

जगदेव पुढे निघून गेला. तय्यब तिथेच उभा राहिला. वाटेच्या दोन्ही अंगांना कापूस फुटला होता, वावरं पांढरी दिसत होती. पुंजाजी बराच लांब गेल्यावर तय्यबने आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं. मग त्याने तोंड उघडलं आणि चावडीतली ती राहिलेली झील धरली.

"उगडे जी जी जी..."

सूर एका दमात लागला. जराही ओढावा लागला नाही. वर अजून जागा होती.

लांब वाटेवर पुंजाजी थांबला. तो मागे वळला नाही. तसाच पाठमोरा उभा राहून त्याने उजवा हात वर केला, गमतीत झील थांबवायला करायचा तसाच.

तय्यबचा आवाज सवयीने थांबला.