खट एकदाच वाजलं

जवळ सरा मायबापहो, एका कुलूपवाल्याची गोष्ट सांगतो. परदेशात माल विकायला गेलेला भला माणूस सरकारी गोदामाच्या फाटकाचं माप घेताना पकडला गेला आणि हेर ठरला. “साहेब, मी कुलपं विकतो हो!” सांगून सांगून घसा कोरडा पडला, कुणी ऐकलं नाही. एकदा पहारेकऱ्याने कोठडीला कुलूप घातलं, पण खट एकदाच वाजलं. त्या जातीचं कुलूप पुरतं लागलं तर दोनदा वाजायला हवं. म्हणजे दार उघडंच! घरी लेक वाट पाहत होती. पण पळणारा हेरच ठरतो, म्हणून देवाचं नाव घेत त्याने हाक मारली, “दादा, कुलूप लागलं नाही बरं का!” “वेडा आहेस!” पहारेकरी गहिवरून पुटपुटला. हे कानावर आल्यावर चौकशी करणारे साहेब मात्र हसले, “नुसत्या आवाजावरून ओळखलंस? असले कान हेराचेच असतात!” शिक्षा दुप्पट झाली. दाराला कुलूप लावून ओढून पाहता ना, तेव्हा त्याची आठवण काढा.