कोमट बाटली

बा कालुबांनी तेलाची बाटली चिलेशेच्या हातात ठेवली, तेव्हा ती कोमट लागली.

"यंत्राला लाव आणि सही करून टाक," ते म्हणाले. "दुपारपर्यंत प्रसूतिगृहाची वीज सुरू करायची आहे."

चिलेशेच्या टेबलावर त्याच ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची आणखी एक बाटली होती. नमुना काढायचा मान या कार्यशाळेत फक्त बा कालुबांचा. पण आज त्यांना उशीर झाला, तिकडे बायका मेणबत्तीच्या उजेडात बाळंत होत होत्या, म्हणून ती सकाळीच जाऊन स्वतः तेल भरून घेऊन आली होती. दिसायला ते तेल काचेसारखं नितळ. यंत्रात घातल्याबरोबर मात्र काटा सरसर वर चढला. तेलात पाणी मुरलं होतं, डोळ्यांना न दिसणारं, आणि त्या पाण्यामुळे तेलातून वीज झिरपत होती. अशा तेलावर ट्रान्सफॉर्मर सुरू केला तर तो आज ना उद्या फुटणार.

आपलंच काहीतरी चुकलं असेल, असं तिला तेव्हा वाटलं होतं. बारा वर्षांपूर्वी ज्यांनी तिला हे काम हाताला धरून शिकवलं, त्यांच्यावर संशय घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही. 'बा' हा आदराचा शब्द इथे बायका-पुरुष सगळ्यांच्याच नावाआधी लागायचा, पण कालुबांना ती तो मनापासून लावायची.

तिने कोमट बाटलीतलं थोडं तेल यंत्रात घातलं. काटा जागचा हलला नाही.

"बघ. कोरडं ठणठणीत," बा कालुबा म्हणाले.

"हे कधी भरलंत?"

"आत्ताच. येता येता."

"ट्रान्सफॉर्मर परवापासून बंद आहे, बा कालुबा. मी सकाळी हात लावून पाहिला, गार पडलाय. मग तेल कोमट कसं?"

"उन्हात राहिली असेल बाटली."

"नमुन्याला ऊन दाखवायचं नाही हे तुम्हीच शिकवलंत. फडक्यात गुंडाळून आणता तुम्ही."

फडकं अजून त्यांच्या खांद्यावर होतं. त्याला कोळशाचा वास येत होता, घरच्या शेगडीचा. बा कालुबा स्टुलावर बसले.

"तेल वाळवायचं यंत्र माझ्या हातून जळालं. वर्ष झालं. वर कळलं तर हाकलतील मला. दोन महिन्यांनी निवृत्त होतोय, पोरी. तेवढं निभावून ने."

"म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधलं तेल तसंच ओलं ठेवायचं, आणि माझ्यापुरती बाटलीभर शेगडीवर वाळवून आणायची?"

तिला आठवलं, वर्षभरातली प्रत्येक बाटली कोमट होती. चालत्या ट्रान्सफॉर्मरचं तेल गरमच असतं, म्हणून तिला कधी शंका आली नव्हती.

"आणि चिंगोला गावचा ट्रान्सफॉर्मर?" तिने विचारलं. "तो फुटला तेव्हा त्याच्यावर आभाळातली वीज पडली म्हणालात. पडताना कोणी पाहिली होती?"

बा कालुबांनी खांद्यावरचं फडकं काढून त्याची घडी घातली. त्या स्फोटात भाजलेल्या मुसोंडाच्या उपचारांसाठी वर्गणी याच माणसाने दारोदार फिरून जमवली होती.

"बाटली घटकाभरात निवेल," ते हलकेच म्हणाले. "मग ती कोमट होती हे कोण सांगणार? तू एक म्हणशील, मी एक म्हणेन. आणि कागदांवर सह्या सगळ्या तुझ्या आहेत."

तिला राग आला नाही, किळस आली. या माणसाला आपण बाप मानलं, याचं रडू त्याहून जास्त आलं. बाटली घेऊन ती तडक बाहेर पडली. ती निवायच्या आत एक साक्षीदार हवा होता, आणि सगळ्यांत जवळ होता तो फाटकावरचा पहारेकरी.

तिला पाहून मुसोंडा उठला. भाजण्याआधी तो खांबांवर चढणारा लाइनमन होता. त्याने किंचित वाकून, अभिवादनाच्या रीतीप्रमाणे ओंजळ जुळवून टाळी वाजवली. त्याच्या टाळीचा आता आवाज येत नसे.

"बा मुसोंडा, ही धरा," तिने घाईघाईने बाटली त्याच्या तळव्यांत दिली. "गरम आहे का गार, ते नीट लक्षात ठेवा. इंजिनिअरसाहेबांना सांगायचंय."

मुसोंडाने बाटली दोन्ही हातांत धरली, बराच वेळ धरली. मग ओशाळून तिच्याकडे पाहिलं.

"या हातांना आता गरम-गार कळत नाही, बा चिलेशे," तो म्हणाला. "पण तुम्ही म्हणाल तसं सांगेन मी. त्या दिवशी चिंगोलातसुद्धा कागदावर तुमची सही बघूनच खटका ओढला होता."