निवडक विद्यार्थिनी

ऑस्ट्रेलियाहून आलेली हॅना राजधानीतल्या द्वारका भागात राजाभाऊंकडे राहायची आणि त्यांच्याच हॉलमध्ये सोसायटीतल्या मोलकरणींना फुकट इंग्रजी शिकवायची. बायको गेल्यावर राजाभाऊ अगदी देवमाणूस झाले, असं लोक म्हणत.

एक दिवस समोरच्या मिसेस खन्ना तणतणत आल्या. “भाईसाब, ये क्लास बंद करवाइए! मैं फोन पर सास के बारे में इंग्लिश में कुछ भी बोलूँ, मेरी मेड जाके उनको सब बता देती है!”

“अच्छा?” राजाभाऊ म्हणाले. “चाय लेंगी?”

त्या दार आपटून गेल्या.

हॅनाने विचारलं, “अंकल, एवढी मोठी सोसायटी, पण तुम्ही मोलकरणी निवडल्यात त्या फक्त मिसेस खन्ना आणि त्यांच्या तीन मैत्रिणींच्या घरांतल्या. का?”

“माझी सुनंदा या चौघींच्या किटी पार्टीला जायची. तिला इंग्रजी येत नव्हतं. एकदा इथेच, तिच्या तोंडावर, त्या इंग्रजीतून तिची टिंगल करत होत्या. मी आतून ऐकलं. त्या हसल्या की तीही हसायची. त्या गेल्यावर मला म्हणाली, ‘किती छान आहेत हो सगळ्या.’”

राजाभाऊंनी वर्गासाठी सतरंजी अंथरली.

“व्याकरण पुरे झालं,” ते म्हणाले. “आता त्यांना टोमणे शिकव.”