पुठ्ठ्याच्या होडीतली पुढची जागा

वर्कशॉपच्या दारातच सुभाषला अरुणाचं हसू ऐकू आलं, आणि आत जावं की माघारी फिरावं हे त्याला ठरवता येईना.

दीड महिना काविळीने घरात काढून तो आज पहिल्यांदा कॉलेजला आला होता. वाशीच्या बसस्टॉपपासून चालत येताना धाप लागली होती, पण डोक्यात एकच गोष्ट होती, होडी. पुठ्ठ्याची होडी बनवायची, तिच्यात दोघांनी बसायचं आणि गावच्या तलावाला फेरी मारून न बुडता परत यायचं, अशी ती कॉलेजची स्पर्धा. आजारपणाआधी सुभाष आणि कमळाकर यांनी कॅन्टीनमध्ये बसून तिचा आराखडा काढला होता. कमळाकर खाडीकाठचा, तो मागे बसून वल्हवणार. पुढची जागा सुभाषची.

आत होडी जवळजवळ तयार होती. तुर्भ्याच्या भंगारवाल्याकडून आणलेली फ्रिजची खोकी उलगडून, थरावर थर चिकटवून, वर वॉर्निश मारलेलं. कमळाकर गुडघ्यांवर बसून कडा घासत होता. त्याच्याशेजारी, जिथे सुभाषने असायचं, तिथे अरुणा होती. मेकॅनिकलच्या वर्गातली ही एकच मुलगी, गणितात सगळ्यांची बाप. तिच्या कोपरापर्यंत फेव्हिकॉल लागला होता.

सुभाषने पुढे होऊन होडीवर हात ठेवायला आणि कमळाकरने त्याचं मनगट धरायला एकच गाठ पडली.

"हात नको लावू. तू घरी जाऊन आराम कर. सरळ तलावाच्या पान्यावर ये."

सुभाषने हात मागे घेतला. अरुणाने त्याला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "वजन किती भरतं रे आता तुझं?"

"बेचाळीस."

"बरंच उतरलं की," ती म्हणाली, आणि कमळाकरकडे बघून चक्क खूश झाली.

सुभाषच्या अंगाचा तिळपापड झाला. आजारपणात हाच कमळाकर उसाच्या कांड्या घेऊन घरी यायचा, उशाशी बसून होडीच्या गप्पा मारायचा. आणि इकडे दुसरीच जोडी जमवून बसला होता. पुढची जागा कुणाची, एवढं विचारायला काय लागत होतं? पण ते विचारायची सुभाषला लाज वाटली. जागा मागून घ्यायची, तर मग मैत्री कशाला म्हणायची?

तो रोज येत राहिला. वर्कशॉपमध्ये जायचा नाही, समोरच्या लायब्ररीच्या पायऱ्यांवर पुस्तक उघडून बसायचा आणि एक ओळ वाचायचा नाही. एका दुपारी त्याने बघितलं, होडी दोन स्टुलांवर टेकवली होती आणि अरुणा पुढच्या जागेवर पाय लांब करून बसली होती. कमळाकर पट्टी लावून तिच्या पाठीमागची जागा मोजत होता. सुभाषला त्या मुलीचा इतका राग आला की त्याचा त्यालाच घाम फुटला. कमळाकरचा राग त्याहून जास्त होता, पण तो कबूल करणं कठीण होतं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सगळे वडे खायला कॅन्टीनमध्ये गेले आणि वर्कशॉप उघडंच राहिलं. सुभाष उठला.

कुठे कापायचं हे शोधावं लागलं नाही, आराखडा अर्धा त्याचाच होता. तळाला दोन पुठ्ठे जिथे एकमेकांवर चढत होते, तिथली कागदी पट्टी त्याने उचकटली, खालचा जोड ब्लेडने लांबवर उसवला, पट्टी पुन्हा बसवली आणि वरून वॉर्निशचा हात फिरवला. तलावात पाणी जेमतेम छातीभर. कुणाच्या जिवाला धोका नाही, फक्त गावासमोर दोघांची फजिती. त्या रात्री तो कित्येक दिवसांनी पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी तलावाभोवती ही गर्दी. दोन होड्या काठापासून हातभर अंतरावरच लगदा होऊन बसल्या होत्या आणि पोरं शिट्ट्या मारत होती. सुभाष मागच्या रांगेत उभा राहिला. अरुणा साडी नेसून आली होती, हातात सरांचं स्टॉपवॉच. साडी नेसून होडीत बसणार, म्हणजे बुडताना काय शोभा होईल, या विचाराने त्याला हसू फुटलं.

कमळाकरचं नाव पुकारलं. त्याने होडी पाण्यावर ठेवली, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून ती धरली आणि गर्दीतून नेमका सुभाषला हुडकून काढला.

"चल रे. ये."

सुभाषने मागे वळून बघितलं. मागे कुणीच नव्हतं.

"बघतोस काय?" अरुणा म्हणाली. "सगळा हिशोब तुझ्या वजनावर बसवलाय. तू नव्हतास म्हणून मला तुझ्या जागी बसवून बसवून याने वीट आणला."

सुभाष पुटपुटला की मला बरं वाटत नाहीये, अरुणालाच बसव. तेवढ्यात कमळाकरची आई, शेवंताबाई, नारळ आणि कुंकवाचा करंडा घेऊन पुढे आली. तिने आधी सुभाषच्या कपाळाला बोट लावलं.

"जो नवे होडीन पुढं बसनार, त्यानं ती पान्यान उतरंस्तवर हात नाय लावाचा. आमचे घरची रीत हाय. म्हनून तुला लांब ठेवला त्यानं, दुसरा काय नाय. रागावला नाय ना बाला?"

सुभाषने मान हलवली. तो एक पाऊल मागे सरकला.

"तू नाय बसलास तर होडी परत नेनार," कमळाकर म्हणाला. "सरांना तसं सांगून ठेवलंय."

काठावर टाळ्या सुरू झाल्या. सुभाष पुढच्या जागेवर बसला, कमळाकर उडी मारून मागे चढला, आणि अरुणाने स्टॉपवॉच दाबलं. तळ अजून कोरडा होता.