भिकनची मॅटाडोर

“हात नको लावू. तुले जमाव नही,” भिकन म्हणाला आणि रुपचंदच्या हातातलं फडकं ओढून घेत स्वतःच गाडीची काच पुसू लागला.

रुपचंद बाजूला झाला. एरंडोलच्या अलीकडे, महामार्गालगतच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात ते दोघेच ड्रायव्हर होते. नव्वद साली ट्रस्टने नवी मॅटाडोर रुग्णवाहिका घेतली आणि ती भिकनच्या ताब्यात गेली. रुपचंदकडे जुनी जीप राहिली. तिच्यातून तो औषधांची खोकी आणायचा, नाहीतर मोठ्या डॉक्टरांच्या पाहुण्यांना जळगाव स्टेशनवर सोडायचा.

अपघाताचा फोन आला की धावायचा तो भिकन. पुण्याच्या शिबिराला गेला तोही भिकन. मोडलेला पाय फळीला कसा बांधायचा, हृदय बंद पडलं तर छाती कशी दाबायची, सगळं शिकून आला. पारोळ्याच्या एका व्यापाऱ्याचा जीव त्याने वाटेतच वाचवला, तेव्हा लोकांनी त्याला शाल दिली. दुसऱ्या दिवशी, भर एप्रिलच्या उन्हात, ती शाल खांद्यावर टाकून भिकन कामावर आला. साऱ्या दवाखान्यात त्याने ती दाखवली ती फक्त रुपचंदला.

“जीप बरी शे तुनी,” तो म्हणाला. “खोक्यांना जीव नसतो. मरण्याची भीती नाही.”

त्या रात्री रुपचंद जेवायला बसला. “जेवताना तरी त्या भिकनचं नाव सोडा,” बायको ताईबाई म्हणाली. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आपण मघापासून त्याच्याबद्दलच बोलतोय.

पुढेही तेच चाललं. प्रत्येक खेपेनंतर भिकन हात धुवायचा आणि रुपचंदला गाठायचा. कोणाला कसं उचललं, डॉक्टर काय म्हणाले, सगळं ऐकवायचा. चोवीस तासांची पाळी करून त्याचे डोळे लाल झालेले असायचे, तरी ऐकवायचा. रुपचंदला वाटायचं, हा माणूस मरायला टेकला तरी मिरवणं सोडणार नाही.

एके दिवशी ते लाल डोळे पाहूनच त्याच्या मनात आलं. तो डॉक्टरांच्या खोलीत गेला.

“साहेब, सांगू नये, पण पेशंटच्या जिवाचा प्रश्न आहे. भिकनभाऊंच्या तोंडाला दारूचा वास येतो.”

वास कधीच येत नव्हता. भिकन विडीसुद्धा ओढत नसे.

डॉक्टरांनी भिकनला बोलावलं. रुपचंद दाराबाहेर उभा राहिला. आता भिकन ओरडेल, शपथा घेईल, कोणी सांगितलं म्हणून विचारेल. आतून एवढंच ऐकू आलं, “चुकलं, साहेब.”

रुपचंद चपापला. मग त्याने स्वतःची समजूत घातली. कोणास ठाऊक, पीतही असेल.

भिकनला पाण्याच्या पंपावर बसवलं. मॅटाडोरची किल्ली रुपचंदच्या हातात आली. तोही पुण्याला गेला, पेंढा भरलेल्या बाहुल्याची छाती दाबायला शिकला. परत आला तेव्हा भिकन पंपाशेजारी वांग्याची रोपं लावत होता. त्याने मान वर करून हात हलवला, एवढंच. ना राग, ना टोमणा. रुपचंदला ते बोलण्यापेक्षा जास्त झोंबलं.

पावसाळ्याच्या अखेरीस मुसळीच्या पुढे केळी कापणाऱ्या मजुरांचा ट्रक उलटला. रुपचंद पोचला तेव्हा दहा-बारा जण रस्त्यावर पडले होते. मॅटाडोरमध्ये चारच मावत होते. पुण्यात शिकवल्याप्रमाणे त्याने निवड केली. रक्त वाहतंय ते आधी. जे बोलतायत ते नंतर.

एक म्हातारी बोलत होती. तिने त्याचा पाय धरला. “भाऊ, माले बी गाडीमा लई चाल.”

“आत्ता येतो, अक्का,” म्हणत त्याने पाय सोडवून घेतला.

तो परत आला तेव्हा तिच्या तोंडावर कोणीतरी केळीचं पान टाकलं होतं.

गावाने त्यालाही शाल दिली. डॉक्टरांनी पाठ थोपटली. पण त्या दिवसापासून फोन वाजला की तो किल्ली शोधण्यात वेळ काढायचा. झोप उडाली. स्टिअरिंगवर हात थरथरायला लागले. शेवटी तो डॉक्टरांसमोर उभा राहिला. “साहेब, मला जीपच द्या.”

“वेडा आहेस का? तुझ्याइतकं शिकलेला दुसरा कोण आहे आपल्याकडे?” डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं.

दुपारी तो पंपापाशी जाऊन बसला. भिकनने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. तांब्या घेताना पाणी सांडलं.

“हात कापतस ना?” भिकनने विचारलं.

रुपचंदने मान हलवली. “कोणाची तरी हाक येत राहते, भाऊ. गाडी सोडायची म्हटलं तर डॉक्टर सोडत नाहीत.”

“चांगल्या माणसाला नाहीत सोडत. माझे हात कापायला लागले तेव्हा मी तीनदा पाया पडलो त्यांच्या.”

रुपचंदने तांब्या खाली ठेवला.

भिकनने हनुवटीने पलीकडे दाखवलं. जीपवर नव्याने लागलेला लीलाधर बॉनेटला टेकून उभा होता. त्याची नजर मॅटाडोरवर खिळलेली होती.

“रोज थोडं हिणवत जाय त्याले,” भिकन हळूच म्हणाला. “तुले पेटाले तर वरीस लागनं.”